पिवळ्या पट्टीवर ठेवलेली सीट

१

शनिवारी सकाळी साडेसहाला ती नर्स दोन पिशव्या, पाण्याची बाटली आणि पेंगुळलेली मुलगी घेऊन खाली पार्किंगमध्ये आली, तेव्हा तिची गाडी जागेवर नव्हती. गाडीच्या जागी मुलीची सीट होती. मागच्या बाकाला पट्ट्यांनी आवळून बसवतात ती, लहान मुलांची सीट. पट्टे नीट गुंडाळलेले, आणि सीटमध्ये मुलीचा एककानी कापडी ससा टेकून बसवलेला.

मी विमा कंपनीसाठी चोरीला गेलेल्या गाड्यांची चौकशी करते. अठ्ठावीस वर्षांत मी रिकामी पार्किंगं इतकी पाहिलीत की घरात पाहुणा आला तरी आधी त्याच्या किल्ल्या मोजते. पण ससा बसवून जाणारा चोर माझ्या नशिबी पहिल्यांदाच येत होता. ती सीट काढणं म्हणजे बोटांची परीक्षा असते. चोराला घाई असते. तो सीटसकट गाडी नेतो आणि सीट पुढे कुठेतरी कचऱ्यात टाकतो. इथे कुणीतरी वाकून, दोन्ही खटके दाबून, ससा खाली न पाडता सीट बाहेर काढली होती.

मी सोमवारी त्यांच्या घरी पोचले. गाडी छोटी एसयूव्ही, पाच वर्षांची, एका दातांच्या डॉक्टरांकडून सेकंडहँड घेतलेली. घरी येऊन तिला जेमतेम अकरा दिवस झाले होते. शनिवारी सगळे तिच्यातून नवऱ्याच्या आईवडिलांकडे निघणार होते, पाच तासांचा रस्ता.

"किल्ली एकच," नर्स म्हणाली. "दुसरी हरवली असं डॉक्टर म्हणाले. आमची दाराजवळ खुंटीवर असते. शनिवारीही होती."

"माझ्या खुंटीवर होती," खालून आवाज आला. चार वर्षांची चिंगी. दाराजवळ दोन खुंट्या वर होत्या आणि एक तिच्या उंचीची, टोपीसाठी.

"गप गं. मोठी माणसं बोलतायत."

"होती माझ्या खुंटीवर!"

नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान. तो खिडकीशी उभा राहून कुणाचा तरी चष्मा पुसत होता, आणि त्या दोन काचांवर आता पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं. गाडी घेतली त्या दिवशी त्याने काढलेला व्हिडिओ मी मागून घेतला. त्यात नर्सचे मामा ड्रायव्हरच्या जागी बसलेत. ते किल्ली अर्धी फिरवतात, डॅशबोर्डवर लाल-पिवळे दिवे लागतात. मामा थांबतात. मागून चिंगी मोठ्याने आकडे मोजते, अगदी दहापर्यंत. "दहा!" मग इंजिन सुरू होतं, सगळे दिवे एकदम विझतात, आणि मामा म्हणतात, "झकास! घ्या."

"मामांनी हो म्हटलं म्हणून घेतली," नर्स म्हणाली. "ह्याचं पहिल्यापासून नाहीच होतं. आणखी कुणाला तरी दाखवू, आणखी कुणाला तरी दाखवू. का, ते विचारलं की तोंडाला कुलूप. आता गाडी गेली तर ह्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही. ह्यालाच विचारा तुम्ही."

नवरा मला जिन्यापर्यंत सोडायला आला. वरचं दार लोटल्याची खात्री करून तो हळूच म्हणाला, "बाई, गाडी नाही सापडली तरी चालेल आम्हाला."

२

विम्याच्या धंद्यात असं वाक्य कानावर आलं की निम्मे लोक फाइल बंद करतात. मी करत नाही. जो स्वतः गाडी पळवतो तो छाती पिटून रडतो. हा आपला खरं बोलून बसला होता.

खाली पार्किंगमध्ये तळमजल्याचे काका माझी वाटच बघत होते. निवृत्त माणूस आणि शेजारचं पार्किंग, एवढ्यावर एक महायुद्ध होऊ शकतं. नवी गाडी त्यांच्या जागेत वीतभर येते म्हणून अकरा दिवस त्यांनी तिला पाण्यात पाहिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने जमिनीवर हद्दीची जाडजूड पिवळी पट्टी ओढली होती.

"गाडी मी पळवली असं वरचे म्हणतात का?" काका म्हणाले. "पळवली असती तर पट्टी कशाला ओढली असती? रंगाचा डबा काय फुकट येतो?"

तर्कात खोट नव्हती. मी पट्टीकडे बघितलं. मधोमध चार बोटं रंग उखडलेला होता, चौकोनी.

"ती सीट! ओल्या रंगावर नेऊन ठेवली मेल्याने!" काकांचा खरा राग चोरीवर नव्हताच. "वर ट्यूबलाइट रात्रभर चालू. 'रंग ओला आहे' म्हणून पाटी लिहिली, विटेला टेकवून उभी केली, हे एवढ्या मोठ्या अक्षरांत. ती पण लाथाडली. डोळे फुटले होते का त्याचे?"

"तुम्हाला इंजिनचा आवाज आला?"

"माझी झोप मांजरीची. पाच वाजता जागा होतो तो होतोच. गेटची कडी वाजली, पण ती रोजच वाजते, नर्सबाईंचे मामा येतात सकाळी चहाला. इंजिन नाही वाजलं. आईशप्पथ."

पार्किंगपासून गेटपर्यंत उतार आहे, आणि गेटबाहेरचा रस्ता सपाट. मी गेटपर्यंत चालत गेले आणि परत आले. किल्ली लावून स्टिअरिंग मोकळं केलं, गिअर काढला, की दणकट माणूस एवढी गाडी खिडकीतून स्टिअरिंग धरून एकटा ढकलू शकतो. पण फार लांब नाही. चारपाचशे पावलं, फार तर.

म्हणजे चोर लांबचा नव्हता.

३

दुसऱ्या दिवशी मामा भेटले, नर्सच्याच घरी. हिची आई लवकर गेली, तेव्हापासून हिला मामांनी वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही. गॅरेज पलीकडच्याच गल्लीत. चाळीस वर्षं लोक त्यांच्याकडे जुन्या गाड्या दाखवायला नेतात आणि ते 'हो' म्हणाले की डोळे मिटून विकत घेतात. अंगाने आडवे, बोटं लाकडासारखी, बोलणं कमी.

"गाडी मीच पास केली," ते म्हणाले. माझ्या डोळ्यांत सरळ बघत म्हणाले, हे मला आवडलं.

"पास केल्यावर परत हात लावला होता?"

"चिंगीची सीट मीच बसवली. मग गुरुवारी स्टिअरिंगला चामड्याचं कव्हर शिवून दिलं."

"काही खटकलं?"

"नाही," म्हणत त्यांनी हात हलवला, आणि कोपराशी ठेवलेला चहाचा पेला टेबलावर आडवा झाला. नर्सने फडकं आणलं. "काय हो मामा, महिन्यात चौथा. कुठं असतं लक्ष?"

 नवऱ्याने पटकन उठून चहा पुसला आणि नवा पेला आणला. तो त्याने मामांच्या बरोबर समोर ठेवला, बाजूला नाही. निघताना मी दारात चपला शोधत होते. मामांची चप्पल ओळखू येत होती: ग्रीस, काळं तेल, टाचेशी निळा ठिपका, डाव्या चपलेच्या बाहेरच्या कडेला पिवळा फरकाटा. गॅरेजवाल्याच्या चपलेवर इंद्रधनुष्य असायचंच, असं म्हणून मी पुढे गेले. अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवाचा हा असा उपयोग.

तिथून दातांच्या डॉक्टरांकडे. माणूस गुळगुळीत. शुक्रवार ते रविवार ते परगावी एका शिबिरात होते, फोटोंसकट. दुसरी किल्ली खरंच हरवली होती, तशी पोलिसांत नोंद वर्षापूर्वीची. चोरीपुरते ते सुटले.

"आणि गाडीला कधी अपघात?"

"छे हो! एक ओरखडा नाही. लेकरासारखी वापरली." ते हसले. वरचे पुढचे दोन दात बाकीच्यांपेक्षा बरेच पांढरे होते.

"छान आहेत दात," मी म्हणाले. "नवे?"

हसू मिटलं. "आमच्या धंद्यात... आपल्याला आपलंच पडतं स्वस्त." कपाळावर घाम आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. माणसाने चोरी केली नव्हती, पण काहीतरी केलं होतं.

रिक्षात बसून मी तो व्हिडिओ पुन्हा लावला. चिंगी मोजत होती. पाच. सहा. सात. त्या लाल दिव्यांत एक छोटा दिवा असतो, पट्टा लावून बसलेला माणूस आणि त्याच्या पोटापुढे गोळा. एअरबॅगचा दिवा. तो आपोआप पाचसहा सेकंदांत विझला पाहिजे, इंजिन सुरू होवो न होवो. ह्या गाडीत तो दहाच्या आकड्यानंतरही जळत होता आणि बॅटरीच्या दिव्याबरोबर विझला. त्याची वायर दुसऱ्या दिव्याला जोडून ठेवलेली होती. असं लोक एकाच कारणासाठी करतात. आत एअरबॅग नसते तेव्हा.

आणि मामा तर त्या दिव्यासाठीच थांबले होते. मग त्यांना दिसलं कसं नाही?

तेवढ्यात फोन वाजला. नर्स. आवाज अगदी शांत, दवाखान्यातला. "बाई, मी आज चारला पोलिसांकडे जातेय. नवऱ्याचं नाव देणार आहे. आणि चिंगीला घेऊन मामांकडे राहायला जाणार."

४

अडीच वाजले होते. मी चष्म्याच्या दुकानात शिरले. तो एकटाच होता.

"चार वाजता तुमचा संसार मोडायला निघालाय," मी म्हणाले. मला गोड बोलायला वेळ नव्हता. "एकच विचारते. मामांचे डोळे तुम्ही कधी तपासलेत?"

त्याच्या हातातली काच काउंटरवर पडली. फुटली नाही, गोल फिरत राहिली.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच. पेला समोर ठेवलात तेव्हा."

त्याने फिरणारी काच हाताने थांबवली. मग म्हणाला, "काचबिंदू. सात महिने झाले. नळीतून बघितल्यासारखं दिसतं त्यांना. समोरचा चेहरा स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बाजूचं, खालचं, काही नाही. मी मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. गेलेली नजर परत यायची नाही म्हणाले, थेंबांनी आहे तेवढी टिकली तर टिकली. मामांनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, तिला कळलं तर ती गॅरेज बंद करायला लावेल, आणि गॅरेज बंद म्हणजे मी बंद. मी शब्द दिला. मग गाडी घ्यायची वेळ आली. कसं सांगू, की तुझ्या मामांच्या 'हो'वर जाऊ नकोस?"

"म्हणून आणखी कुणाला दाखवू."

"म्हणून. माझी मुलगी बसणार होती ना तिच्यात." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. "पण चोरीचं मला काही माहीत नाही, बाई."

"माहीत आहे मला. दुकान बंद करा. बायकोला फोन करा आणि गॅरेजवर बोलवा. पोलीस पळून जात नाहीत."

५

गॅरेजचं शटर निम्मं खाली होतं. 'काम बंद' अशी पाटी. नर्स युनिफॉर्ममध्येच आली होती. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. मामा स्टुलावर बसले होते, आणि मागे मोठ्या ताडपत्रीखाली काहीतरी उभं होतं.

"ह्याला कशाला आणलंत इथे?" नर्सने मला विचारलं.

"थांबा जरा," मी म्हणाले. "मी बोलते, चुकलं तर मामा सांगतील. चोराकडे किल्ली होती, आणि ती किल्ली सकाळी तुमच्या घरात होती. म्हणजे तो घरात आला, घेऊन गेला आणि परत ठेवून गेला. परत ठेवताना वरची खुंटी हाताला लागली नाही, म्हणून चिंगीची सापडली. ती बिचारी काल तेच सांगत होती. पहाटे तुमच्या घरात स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडून कोण येतं? गेटची कडी रोज कोण वाजवतं?"

नर्सने मामांकडे बघितलं.

"चोराने इंजिन लावलं नाही, ढकलत नेलं. ते मिस्त्री लोक करतात. सीट काढली, ससा सांभाळला. पण सीट ठेवली ओल्या रंगावर, आणि पाटी लाथाडली, भक्क उजेडात. लेकरावर एवढी माया असलेला माणूस तिची सीट मुद्दाम रंगात ठेवेल? त्याला ती पट्टी दिसलीच नाही." मी मामांच्या पायांकडे बोट दाखवलं. "आणि चपलेला लागलेला रंग अजून तिथेच आहे. दुसऱ्या कुणीही तो त्याच दिवशी घासून काढला असता. मामा, तुमच्या डाव्या चपलेला पिवळा रंग लागलाय. चार दिवस झाले."

मामांनी मान खाली घातली. मग आणखी खाली, आणखी, चप्पल त्या नळीत येईपर्यंत. ते बघणं फार वाईट होतं. मला तोंड फिरवावंसं वाटलं.

नर्स ताडपत्रीपाशी गेली आणि तिने ती ओढली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. गाडी घरापासून दोनशे पावलांवर उभी होती. स्टिअरिंगच्या मधलं झाकण उघडं होतं. आत, जिथे एअरबॅग असायला हवी, तिथे जुन्या कापडाच्या चिंध्या कोंबलेल्या होत्या. तिने त्यातली एक ओढली. ती संपेचना.

"गुरुवारी कव्हर शिवताना बोटांना लागलं," मामा म्हणाले. "झाकण चिकटवलेलं होतं. उघडलं तर हे. मागे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा पण कापलेल्या, जिथे चिंगी बसते तिथल्या. मी तिला मोजायला लावलं होतं ना दहापर्यंत... मला वाटलं विझला दिवा. मला वाटलं, बेटा."

"मग सांगायचं ना! एक वायर काढून ठेवायची, गाडी चालूच झाली नसती!"

"दुसरा मिस्त्री बोलावला असतास तू. त्याने उघडून बघितलं असतं. म्हणाला असता, कुठल्या आंधळ्याने पास केली ही." त्यांचा आवाज फुटला. "शनिवारी तुम्ही निघणार होतात. मला दुसरं काही सुचलं नाही. नव्या एअरबॅगा बसवून कुठेतरी उभी करणार होतो, सापडली असती. जावयांवर येईल असं स्वप्नात नव्हतं. आलं, तेव्हा रोज सांगायला यायचो चहाला. आणि चहा पिऊन परत यायचो."

 युनिफॉर्मच्या खिशातून नर्सने पेनाएवढी बॅटरी काढली आणि मामांसमोर गुडघ्यांवर बसली. त्यांची हनुवटी धरली. डोळ्यांसमोर एक बोट धरून ते बाजूला नेत गेली. "कुठपर्यंत दिसतंय?" बोट कानापर्यंत पोचायच्या खूप आधीच मामा म्हणाले, "गेलं."

"रोज तीस माणसांच्या डोळ्यांत बॅटरी मारते मी," ती म्हणाली. "तुमच्या नाही मारली कधी." मग ती तशीच बसून रडली. थोड्या वेळाने नवऱ्याकडे न बघता तिने हात मागे केला, आणि त्याने तो धरला. धरायला त्याला जरा वेळ लागला, हेही मी पाहिलं.

६

माझ्या अहवालात लिहिलं, 'चोरी नाही, दावा मागे.' खाली डॉक्टरांविषयी वेगळं पान जोडलं. त्यांच्या दोन पांढऱ्या दातांचा इतिहास आता पोलीस विचारतायत: अपघात कधी, एअरबॅगा कधी फुटल्या, चिंध्या कुणी कोंबल्या. लेकरासारखी वापरली म्हणे.

काकांनी पट्टी पुन्हा ओढली.

दोन महिन्यांनी मला आमंत्रण आलं, दुसरी गाडी बघायला. नवराबायको अजून एकमेकांशी जपून बोलत होती, नुकत्याच चिकटवलेल्या कपाला धरावं तसं. विकणारा एक उमदा तरुण होता. मामा ड्रायव्हरच्या जागी बसले. गॅरेज आता त्यांच्या जुन्या कारागिराकडे आहे, ते नुसते जाऊन बसतात. त्यांनी आधी स्टिअरिंगचं मधलं झाकण बोटांनी चाचपलं, मग किल्ली अर्धी फिरवली. दिवे लागले. 

मामांनी शेजारच्या सीटवर बसलेल्या चिंगीकडे मान वळवली, पूर्ण वळवली.

"चिंगे, तो पट्टा लावलेला माणूस आहे ना लाल, त्याच्याकडे बघ. विझला की सांग."

विकणारा हसला. "काय आजोबा, तुम्हाला दिसत नाही का?"

नर्सने खिडकीची कड घट्ट धरली. मामांचे ओठ हलले, आवाज आला नाही. मग आला.

"नाही," मामा म्हणाले. "मला दिसत नाही."

चिंगी डॅशबोर्डवर नाक टेकवून मोजत होती. "चार... पाच... विझला!" ती ओरडली. "मामाआजोबा, त्याचा त्याचाच विझला!"

मामांनी मग इंजिन सुरू केलं.